बिनचारोळीचे लाडू

"रंजीच्या लाडवाले चारोळी नको लावू."

नागोरावांनी हे दारातच सांगितलं, चपला काढता काढता. बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं, हे सांगावं तसं. मालनबाई चुलीपुढे बसली होती. कढईतल्या तुपात डिंकाचे खडे फुलत होते. तिनं झारा उचलला आणि तो तसाच हातात राहिला.

"काय म्हनले?"

"चारोळी नको लावू म्हनलं. साधे कर यंदा."

"काऊन? लेकरू त ठनठनीत हाय. सकाळीच न्हाऊ घातलं मी त्याले."

"ठनठनीतच हाय. मी कुठं नाही म्हनलो?"

कढईतला डिंक करपला. मालनबाईच्या हातून डिंक करपणं म्हणजे नवलच, पण तिला वाससुद्धा आला नाही.

एवढ्या साध्या वाक्यानं बाईचं काळीज का थांबावं, हे कळायला त्या गावची रीत माहीत पाहिजे. गाव पैनगंगेच्या अलीकडचं, बेल्याच्या बाजाराचं. नदी ओलांडली की महाराष्ट्र, आणि इकडे दवाखान्याचा कागद तेलुगूत. मालनबाई तिथली भाजीवाली. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं काय काय लावायची आणि बाजाराच्या दिवशी पोत्यावर मांडून बसायची. पण गाव तिला ओळखायचं ते लाडवांवरून. गावात कोणाचीही लेकसून बाळंत झाली की मालनबाईचा बाळंतविडा तिच्या घरी गेलाच म्हणून समजा. झबलं-टोपडं नाही, नुसता डबाभर लाडू. विकायची मात्र कधीच नाही. बेल्याच्या एका दुकानदारानं एकदा विषय काढला होता, तर त्याला तिनं अशी काही झाडली की बापडा पुढे तिच्याकडे भाजी घ्यायलासुद्धा बिचकायचा.

लाडू दोन जातींचे. जिच्या मांडीवर लेकरू, तिचे दुधाचे. त्यात शतावरीच्या मुळ्या वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केलेल्या, शिवाय मेथी, अळीव, बाळंतशोपा. आणि जिचं लेकरू गेलं, तिचे कोरडे. त्यात यातलं काही नाही. सुंठ, पिंपळमूळ, डिंक, भाजलेली कणीक, संपलं. कंबर त्या बाईचीही मोडलेलीच असते, ताकद तिलाही लागतेच, फक्त दूध नको असतं. रंग दोन्हींचा सारखाच, गुळाचा. म्हणून खूण काय, तर दुधाच्या लाडवावर चारोळीचे चार दाणे दाबायचे आणि कोरडा उघडाच ठेवायचा.

त्यामुळे गावात 'लेकरू मेलं' असं मालनबाईच्या दारात कोणी बोलत नसे. दवाखान्यातून माणूस यायचा, कुडाशी थांबायचा, खाली बघत म्हणायचा, "मालनमाय, चारोळी नका लावू." ती काही विचारायची नाही. मुकाट्यानं चूल पेटवायची.

आज तोच निरोप तिच्या स्वतःच्या घरात आला होता. आणि लेकरू तर आतल्या खोलीत सुनेच्या, रंजीताच्या कुशीत चुटूचुटू दूध ओढत होतं.

"कोनाले देऊन राह्यले?" मालनबाईनं विचारलं. मरणाचा निरोप नाही म्हटल्यावर दुसरं काय असणार, हे कळायला तिला वेळ लागला नाही.

"कोनाले म्हंजे? आपल्या सुरेंद्राले. परक्याच्या घरी थोडीच टाकून राह्यलो? घरातलं घरातच राहते." नागोराव बाजेवर टेकले. "रंजीले एक पोरगी हाय. सुनयनाले एकबी नाही. हैदराबादचे दवाखाने झाले, देवधर्म झाले. सुरेंद्रानं शब्द टाकला, करण हो म्हनला. फैसला झाला."

"अन् रंजी?"

"करणनं सांगतलं बायकोले, पोटात होतं तवाच. काही बोलली नाही ती. म्हंजे रजामंदीच झाली ना?"

नागोरावांची सारी उमर तहसील कचेरीच्या दाराशी शिपाई म्हणून गेली. साहेब बदलले, कचेरीची भाषा बदलली, पाट्या बदलल्या. यांच्या तोंडात मात्र फैसला, रजामंदी, दरखास्त हे शब्द तसेच मुरून राहिले. समोरचा गप्प बसला की त्याला मंजूर आहे, हा कचेरीचा कायदा ते घरी घेऊन आले होते. सुनेचा आवाज तसाही या घरात कोणी कधी ऐकला होता!

"मले काऊन नाही सांगतलं?"

"आता सांगून राह्यलो ना! अन् हे बी ऐक. सुनयनासाठी एक डबा कर. तिच्या लाडवाले मात्र चारोळी लाव. तिनं मोबाईलवर पाह्यलं म्हने, शतावरी खाऊन लेकरू अंगाशी लावलं की न बाळंत होता बी दूध उतरते."

मालनबाई हसली. असं हसली की नागोराव बाजेवर सावरून बसले.

"वा रे वा! म्हंजे जिनं जनलं तिचं आटवायचं, अन् जिनं नाही जनलं तिले पान्हा फोडायचा. अन् दोन्ही माह्याच हातानं."

"तुले लय बोलता येते," नागोराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही घाणे केले. मुळ्या तिनं उटनूरच्या बाजारातून आणवलेल्या, चांगल्या पांढऱ्या, जाड. कुटताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. अजून बारसं व्हायचं आहे. तोवर लेकरू आईजवळच आहे. या दिवसांत पोरीचं दूध असं भरून यावं, असं भरून यावं, की घेऊन जायला आलेल्यांना ते दिसावं. अंगावर भिजलेली चोळी दिसल्यावर कोण माणूस लेकरू उचलायला हात पुढे करील? सुरेंद्र तिच्याच पोटचा, करणही तिच्याच पोटचा. दोघं तिच्याच अंगावर प्यायलेले. त्यांना कळणार नाही होय?

आणि सुनयना? तिच्या नावाचा घाणा ढवळताना मालनबाईच्या मनात दया नव्हती. खोटं कशाला सांगायचं, राग होता. लेकरू आयतं पाहिजे, वर दूधही पाहिजे! तिनं कोरड्या लाडवांवर चारोळी दाबली, दोन दाणे जास्तच दाबले, आणि तो डबा करणच्या हाती गाडीनं निर्मलला, सुरेंद्राच्या गावी, पाठवून दिला. दुधाचे लाडू उघडे ठेवले. त्यावर दाण्याची खूणसुद्धा नाही.

ताटलीत दोन लाडू घेऊन ती आत गेली. रंजीता भिंतीला टेकून बसली होती, लेकरू मांडीवर. तिनं ताटलीकडे पाहिलं. गावातच वाढलेली पोर ती. उघडा लाडू म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"तुमालेबी माहीत होतं, आत्याबाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "तुमी त बोलसान असं वाटलं होतं मले."

मालनबाईच्या जिभेवर सगळं आलं होतं. अगं वेडे, खाऊन तर पाहा. पण तट्ट्याच्या भिंतीपलीकडे नागोराव खोकत होते, आणि या पोरीच्या पोटात गोष्ट राहिली तरी तोंडावर लपत नसे. कळलं की चेहरा फुलणार, चेहरा फुलला की म्हाताऱ्याला संशय येणार. म्हणून ती एवढंच म्हणाली, "खा."

रंजीतानं लाडू उचलला आणि औषधाचा कडू घोट घ्यावा तसा खाल्ला. त्यानंतर ती सासूशी कामापुरतंही बोलेना. मालनबाईनं ते गिळलं. बारशाला सगळं उघड होईल, तेव्हा पोरगी आपल्या गळ्यात पडेल, असं तिला वाटत होतं. इतकं वाटत होतं की ती भाकऱ्या थापताना स्वतःशीच मान हलवायची.

नागोरावांनी बेल्याहून पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली आणली. "अंगावर नको पाजू देऊ, लळा लागते," म्हणाले. मालनबाईनं तो डबा उतरंडीमागे टाकला. "आता एकदम तोडलं त पोरीले ताप भरन. मंग दवाखान्यात तुमी बसा," असं ठणकावल्यावर म्हाताऱ्यानं बाटलीचा विषय सोडला. लेकरू आईच्या अंगावरच पीत राहिलं. लाडू संपत आले. दूध तर इतकं, की लेकरू एकीकडे ओढायचं आणि दुसरीकडे पदर भिजायचा. गालाला खळी पडावी एवढं पोर भरलं. मालनबाई मनातून हरखली.

बारशाच्या दिवशी सुरेंद्र गाडी घेऊन आला. निर्मलला त्याचं हार्डवेअरचं दुकान, माणूस पाचजणांत ऊठबस करणारा. रंजीताच्या मोठ्या पोरीसाठी, भाग्यलक्ष्मीसाठी, त्यानं निर्मलचा लाकडी पोपट आणला होता, हिरवागार, लाल चोचीचा. भावाच्या बदल्यात पोपट. मालनबाईच्या तोंडावर आलं होतं, पण तिची सगळी भिस्त पुढच्या घडीवर होती.

सुनयना उतरली तीच मुळी घाबरल्यासारखी. चांगली भरजरी नेसली होती, पण पदर सारखा घसरत होता. चुलीपाशी मालनबाईला गाठून हळूच म्हणाली, "आत्याबाई, रोज खाऊन राह्यली मी लाडू. सकाळ-संध्याकाळ. येईन ना?"

"येईन," मालनबाई म्हणाली आणि परातीतली कणीक उगाचच मळू लागली.

पाळणा झाला. नाव ठेवलं भूषण. बाया गात होत्या, पण आवाज जरा दबूनच लागले होते, कारण गावाला सगळं कळलं होतं. मग नागोरावांनी घसा साफ केला. "रंजी, दे माय. तुह्या हातानं जावेच्या ओटीत घाल."

रंजीता उठली. लेकरू दोन्ही हातांवर घेतलं. ते जागं झालं, तोंड फिरवून शोधायला लागलं, आणि न सापडल्यावर त्यानं टाहो फोडला. तो टाहो ऐकला आणि रंजीताची चोळी भिजली. दोन्हीकडून. सगळ्यांसमोर. हिरव्या कापडावर डाग मोठे मोठे होत गेले आणि खाली निऱ्यांपर्यंत ओघळले.

हीच ती घडी. मालनबाई पुढे झाली.

"पाहा!" ती ओरडली. "पाहा तिच्याकडं! सुरेंद्रा, पाह्य रे बापा. करण्या, तू पाह्य. हे पाहून बी लेकरू तोडून नेसान तुमी?"

सगळ्यांनी पाहिलं. खरंच, सगळ्यांनी पाहिलं. बायांनी पाहिलं, दारातल्या गड्यांनी पाहिलं. मग सुरेंद्रानं मान वर करून पंख्याकडे नजर लावली. करण "गाडीचं चाक पाहतो" म्हणून बाहेर निघाला आणि बाहेरच राहिला. नागोराव सुपारी कातरत म्हणाले, "होतेच एवढं. चार दिसांत आटते. कोरडे लाडू खाल्ले ना तिनं."

आणि रंजीता? तिला आपल्या अंगाकडे बोट दाखवणारी सासू दिसली, आणि चार गावचे लोक दिसले. तिनं लाजेनं लाल होऊन लेकरू जावेच्या ओटीत ठेवलं आणि पदर गच्च ओढून घेतला. मालनबाईनं जे पोरीची ढाल म्हणून वाढवलं होतं, ते तिनंच चव्हाट्यावर मांडलं. गाडी गेली. धूळ बसली. बायांनी घुगऱ्या पदरात बांधून घेतल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

त्या दिवसापासून घरात खरी आबदा सुरू झाली. दूध काही आटेना. आटेल कसं? बारशाच्या सकाळपर्यंत पोरीला शतावरी चारलेली! छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला, हात वर करता येईना. मालनबाई गरम पाण्याची फडकी ठेवी, दूध आटावं म्हणून मोगऱ्याची फुलं छातीवर बांधी, दुखणं असह्य झालं की वाटीत दूध पिळून काढी. ते फेकवत नसे, म्हणून परसात जाईच्या बुडाशी नेऊन ओती. बाहेर ओट्यावर भाग्यलक्ष्मी लाकडी पोपट बाजूला टाकून बसलेली असायची. अंगणवाडीत जाऊन जाऊन पोरीच्या तोंडात तेलुगू आली होती. "आजी, तम्मुडू एक्कडा?" ती विचारायची. लहान भाऊ कुठं आहे? आजीला तेवढी तेलुगू येत होती. उत्तर मात्र तिला मराठीतही सापडत नव्हतं.

एकदा पाठ शेकून घेताना रंजीता आपण होऊन बोलली.

"आत्याबाई, मी तुमच्या हातचे कोरडे खाल्ले. सारे खाल्ले. तरी काऊन येऊन राह्यलं? माह्या अंगाले कळत नाही का, की लेकरू गेलं?"

मालनबाईनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. तिनं ते उचललं, पिळलं, पुन्हा ठेवलं. सांगावं? काय म्हणून सांगावं? 'तुह्यासाठीच केलं' असं? 'तुले रोज ज्या ठणक्यानं जाग येते, तो मीच तुले बांधून देल्ला' असं? पोरीला आपलं तोंड दाखवावंसं तिला वाटेना.

"कळन," ती म्हणाली. "हळूहळू कळन."

आणि तिनं पुन्हा कढई चढवली. सुंठ कुटली, पिंपळमूळ कुटलं, डिंक फुलवला. या खेपेला कोणी निरोप दिला नव्हता. तिची तीच कोरडे लाडू करायला बसली, खरे कोरडे. हात चालत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. आपण कोणाकोणाला रडतो आहोत, हे तिचं तिला सांगता आलं नसतं.

घाणा उतरवला आणि फोन वाजला. दुपार कलली होती, नागोराव देवळाच्या पारावर गेलेले, करण वावरात. मालनबाईचे हात गुळानं माखलेले. तिनं बोटाच्या पेरानं फोन दाबला आणि जमिनीवरच ठेवला. आवाज मोठा होता. सुनयना होती.

"आत्याबाई..." एवढं म्हणून ती थांबली. मागे लेकराचं रडणं ऐकू येत होतं.

"काऊन रडून राह्यलं ते?"

"भूक लागली त्याले. बाटली घेत नाही. मी अंगाशी लावते, तवा ओढते, लय आशेनं ओढते वो, अन् मंग माह्या तोंडाकडं पाहून रडते." लेकराला थोपटल्याचा आवाज आला. "डबा संपला तुमचा. एक बी दिवस चुकवला नाही मी. थेंब नाही आला, आत्याबाई. तुमच्या हातच्या लाडवानं गावात साऱ्यायले येते. मलेच काऊन नाही? माह्यातच काही खोट हाय ना? देवानं पोटबी नाही देल्लं, अन् हे बी..."

मालनबाईनं डोळे मिटले. हिच्या लाडवांवर चारोळीचे दाणे दाबताना तिच्या मनात जो राग होता, तो तिनं शोधून पाहिला. तो कुठंच नव्हता. एक बाई तिकडे लाडू खाऊन वाट पाहत होती आणि एक बाई इकडे लाडू खाऊन तळमळत होती. ज्यांनी फैसला केला, ते कोणी पारावर, कोणी वावरात, कोणी दुकानात निवांत होते.

"खोट तुह्यात नाही, माय," ती म्हणाली. "ऐकून राह्यली का? तुह्यात काही खोट नाही. लाडू लाडूच असते. गाईचं दूध कोमट कर, चमच्यानं पाज त्याले. खांद्यावर घे. मी... मी येते तिकडं."

तिकडून नुसतं लेकराचं रडणं येत राहिलं, घसा बसलेलं, हट्टी. मालनबाई फोन बंद करायला वाकली.

"नका ठेवू."

रंजीता आतल्या दारात उभी होती. कधी येऊन उभी राहिली, कोण जाणे. केस सुटलेले, तापानं डोळे लाल. पुढचा पदर बाजूला झालेला, आणि चोळी ओलीचिंब. बांधलेली फुलं भिजून खाली पडत होती. ती भिंतीला धरत आली, फोनपाशी मांडी घालून बसली, आणि दोन्ही हात जमिनीवर टेकून त्यावर वाकली.

"नका ठेवू, आत्याबाई. रडू द्या त्याले."

दूध फोनच्या बाजूला, शेणानं सारवलेल्या जमिनीवर टपटपत होतं. ते कोणी पुसलं नाही. लेकरू रडत राहिलं. आणि तिकडून सुनयनानंही फोन ठेवला नाही.